वाट पाहणाऱ्यांचा डबा

तिला सगळे गाडीवाली म्हणत. नवरा लाडाने म्हणायचा, शेजारणी थोड्या हेव्याने आणि म्हातारी माणसं सोयीने. तिची ऐन उमेद कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवण्यात गेली होती. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा पन्नाशी समोर दिसायला लागली होती. घरी बसून भिंती बघायच्या म्हणजे तिच्या अंगावर काटा यायचा, म्हणून ती गाडी चालवायला शिकली. शिकवणारा म्हणाला, "बाई, ह्या वयात?" ही म्हणाली, "शिलाई मशीनलाही पायच लागतो. ते जागेवरून हलत नाही, एवढाच काय तो फरक." पहिल्याच परीक्षेत पास झाली. नवरा रंगारी होता. पाठीने दगा दिल्यापासून त्याचं शिडीवर चढणं बंद झालं होतं, आता तो एका दुकानात गिऱ्हाइकांना रंग ढवळून द्यायचा. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

त्याच सुमारास विद्यापीठाला ड्रायव्हर हवे होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज दुपारी गरम जेवणाचा डबा घरपोच दिला, तर त्यांची तब्येत टिकते का, दवाखान्याच्या खेपा कमी होतात का, हे विद्यापीठाला शोधून काढायचं होतं. पैसा सरकारी आरोग्य खात्याचा होता. स्वयंपाकघर विद्यापीठाच्या आवारातच, मागच्या बाजूला. तीन गाड्या, तीन ड्रायव्हर. दोघे पुरुष, तिसरी ही.

कामाला लागण्याआधी प्रमुख प्राध्यापिकेने तिघांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. सगळे तिला मॅडम म्हणत. आवाज मऊ, पण शब्द कापून ठेवल्यासारखे.

"आपल्याकडे नावं नोंदवलेल्या माणसांचे आपण चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेत," मॅडम म्हणाल्या. "एका गटाला आजपासून डबा. दुसऱ्या गटाला वर्षभर थांबायचंय. तो वाट पाहणारा गट. दोन्ही गटांची वजनं आपण दर महिन्याला घेणार. वर्षाच्या शेवटी दोघांत फरक दिसला, तर सरकार साऱ्या शहराला डबा देईल. दिसला नाही, तर हा पैसा दुसरीकडे जाईल. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. वाट पाहणाऱ्यांना काही म्हणजे काही द्यायचं नाही. बिस्किटसुद्धा नाही."

"म्हणजे त्यांनी उपाशी राहायचं?" एका ड्रायव्हरने विचारलं.

"नाही. आजवर जसं खात आले तसंच खायचं. कुणाची तब्येत फार ढासळली तर आपण डॉक्टरांना कळवणार. मला हे सोपं जातंय असं समजू नका. पण डबा नसलेली माणसं शेजारी नसतील, तर डब्याने काय झालं हे कळणार कसं?"

गाडीवालीने मान डोलावली. तिला पटलंही होतं. पण ऐकून पटलेलं आणि हाताला पटलेलं ह्यात अंतर असतं, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक?

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. जिने चढायचे, दार वाजवायचं, डबा हातात द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा, दोन शब्द बोलायचे. कुणी म्हणायचं, आज भात मोकळा झाला नाही. कुणी म्हणायचं, तुमच्या स्वयंपाक्याला सांगा, मीठ जगात अजून मिळतं. ती हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन खरंच सांगायची. महिन्यातून एकदा डबे पोचवून झाले की वजनकाटा घेऊन फिरणाऱ्या एका तरुण संशोधक मुलीला ती गाडीतून घरोघरी न्यायची. त्या फेरीत मात्र दोन्ही गटांची दारं उघडायची. वाट पाहणाऱ्यांची ओळख झाली ती अशी.

त्यातच होते कुलूपवाले आजोबा. जन्मभर कुलपं दुरुस्त केलेली. खोली एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर, खिडकी थेट रस्त्यावर उघडणारी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घेणं हा त्यांचा उद्योग. पहिल्यांदा काट्यावर उभे राहिले तेव्हा आकडा बघून म्हणाले, "एवढंच? मग निम्मं वजन माझ्या बोलण्याचंच असणार."

मुलगी हसली. गाडीवालीने मात्र त्यांच्या ओट्याकडे पाहिलं. ओटा लख्ख होता. नको इतका लख्ख. तिला एकदम तिचे वडील आठवले.

वडील शेवटी शेवटी दुसऱ्या गावी एकटेच राहत. ती रोज फोन करायची. "जेवलात का?" "जेवलो गं, पोटभर जेवलो." एवढ्या दोन वाक्यांवर तिचा जीव भांड्यात पडायचा. ते गेले, खोली आवरायला ती गेली, तर शेगडीच्या दोन बर्नरांमध्ये कोळ्याने जाळं विणलेलं. त्या शेगडीवर कधीपासून काही शिजलं नव्हतं कोण जाणे. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. जाळं पुसून काढलं, शेगडी घासली, मगच भावाला आत बोलावलं.

डब्यांचं असं असायचं, की रोज एखाददुसरा परत यायचाच. कुणी दवाखान्यात भरती झालेलं, कुणाला लेक घेऊन गेलेली, कुणाचं दारच उघडायचं नाही. असा डबा परत आणायचा आणि वेळ टळली की टाकून द्यायचा, हा नियम. अन्न कुणाला बाधायला नको. नियम चुकीचा नव्हता. पण तिच्या हातून अन्न टाकवेना. पहिल्या आठवड्यात तिने चारचौघांसारखं टाकलं आणि घरी येऊन तिला घास गोड लागेना.

एके दुपारी असाच एक डबा उरला. परतीचा रस्ता कुलूपवाल्या आजोबांच्या खिडकीखालून जात होता. आजोबा खिडकीत होते. तिने गाडी थांबवली, खाली उतरली आणि डबा आत सरकवला.

"हे काय? माझा नंबर लागला?"

"नाही आजोबा. आज एक जास्तीचा आहे. गरम आहे तोवर खा. आणि कुणाला बोलू नका."

"कुलूपवाल्याला सांगता, तोंड बंद ठेवा म्हणून?" आजोबा म्हणाले. त्यांनी झाकण उघडलं, वाफ तोंडावर घेतली आणि बराच वेळ नुसते बघतच राहिले. ते बघणं तिला सहन होईना. ती गाडीत येऊन बसली.

एकदाच, असं तिने स्वतःला बजावलं होतं. पण एकदा केलं की हात सवयीचा होतो. दुसऱ्या दिवशीही डबा उरला. मग पुढच्या गल्लीतल्या मुक्या बाई, त्यांच्या पलीकडचे जुने छापखानेवाले, पुलाशेजारच्या दोघी बहिणी, असं करत करत तिची एक वेगळीच फेरी तयार झाली. उरलेले डबे पुरेनात तेव्हा ती स्वयंपाक्याला म्हणाली, "उद्या दोन जास्त भर. मागच्या वेळी एक सांडला." स्वयंपाक्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि काही न विचारता तीन जास्त भरले. इथे ती पहिल्यांदा खोटं बोलली. उरलेलं देणं वेगळं आणि सरकारच्या पैशातून मुद्दाम जास्तीचं भरून घेणं वेगळं, हे तिला कळत होतं. ती मनाशी म्हणायची, अन्नच देतेय, कुणाच्या घरात दरोडा तर नाही घालत. पण मॅडम समोरून आल्या की ती गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालायची. गाडी बिचारी ठणठणीत होती.

पुढच्या वजनाच्या फेरीला संशोधक मुलगी खूश झाली. "आजोबा, वजन वाढलंय तुमचं! काय खाता काय?"

आजोबांनी गाडीवालीकडे पाहिलं आणि डोळा मारला. "हवा," ते म्हणाले. "खिडकीतली."

मुलगी खळखळून हसली आणि तिने आकडा टिपून घेतला. गाडीवालीही हसली, पण तिचे कान तापले. ह्या वयातल्या माणसाला आपण खोटं बोलायला लावतोय, आणि तोही किती हौसेने बोलतोय! बाहेर पडताना मुलगी म्हणाली, "ताई, मला ना ह्या वाट पाहणाऱ्या माणसांची फार काळजी वाटायची. पण बघा, ठीक चाललंय त्यांचं." तिला तेव्हाच सांगता आलं असतं. गाडीत दोघीच होत्या, रस्ता मोकळा होता. तिने रेडिओ लावला.

असं वर्ष सरलं.

शेवटची सभा नगरपालिकेच्या सभागृहात झाली. आरोग्य खात्याचे अधिकारी पहिल्या रांगेत, विद्यापीठाची माणसं त्यांच्यामागे आणि मग ज्यांना चालवत होतं ती दोन्ही गटांची म्हातारी माणसं. त्यांना आणायचं काम ड्रायव्हरांचंच होतं. कुलूपवाले आजोबा जुना कोट घालून आले होते. तिघे ड्रायव्हर अगदी शेवटच्या रांगेत बसले.

मॅडमनी पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. एक डबा मिळणाऱ्यांची, एक वाट पाहणाऱ्यांची. दोन्ही रेषा एकमेकींना बिलगून चाललेल्या, रस्त्याने हात धरून जाणाऱ्या बहिणींसारख्या.

"आमची अपेक्षा वेगळी होती," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "पण जे दिसलं ते सांगायला हवं. डबा मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत आम्हाला म्हणण्यासारखा फरक आढळला नाही."

पहिल्या रांगेतला मोठा अधिकारी पुढे वाकला. माणूस दुष्ट नव्हता, थकलेला दिसत होता. "म्हणजे डबा न देताही ही माणसं तेवढीच बरी राहिली. मग लोकांचा पैसा आम्ही ह्यात का घालावा? तेवढ्यात दोन दवाखान्यांना डॉक्टर देता येतील."

गाडीवालीला आधी नीट कळलंच नाही. मग थेंबाथेंबाने कळत गेलं. त्या दोन रेषा जवळ का आल्या होत्या, तर त्यातली एक तिने स्वतःच्या हाताने वर उचलून धरली होती. वर्षापूर्वी मॅडम बोलल्या होत्या ते सगळं शब्द न् शब्द तिच्या कानात उभं राहिलं. तिने शेजारच्या दोघा ड्रायव्हरांकडे पाहिलं. एक जण आपल्या बुटांकडे बघत होता. दुसरा घाम पुसत होता, आणि सभागृहात पंखे तर जोरात चालू होते. म्हणजे आपण एकट्याच नव्हतो तर, असा विचार तिच्या मनात चमकून गेला. त्याने तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिने त्यांच्यावरची नजर घाईने काढून घेतली.

उठून सांगावं, असं तिने ठरवलंही असेल. पण त्याआधीच मधल्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं. कुलूपवाले आजोबा.

"खोटं आहे हे!" आजोबा पडद्याकडे बोट रोखून म्हणाले. "फरक नाही म्हणता? अहो, मी मरायला टेकलो होतो. डब्याने जगलो मी!"

मॅडम मवाळपणे म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही वाट पाहणाऱ्या गटात आहात. तुम्हाला डबा नव्हता."

"नव्हता कसा? रोज होता!" आजोबा मागे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता अभिमान होता. "ह्या बाईंनी दिला. आपल्या गाडीवाल्या बाईंनी! वर्षभर माझ्या खिडकीत डबा ठेवला, आणि वर म्हणायच्या, कुणाला सांगू नका. आता का नको सांगू? उभ्या राहा बाई, सगळ्यांना दिसू द्या!"

"मलाही दिला," पुलाशेजारच्या बहिणींपैकी थोरली म्हणाली.

छापखानेवाल्यांनी हात वर केला. मुक्या बाईंनी तर दोन्ही हात वर केले. आणि मग कुणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्याने वाजवली. बघता बघता सगळी म्हातारी माणसं टाळ्या वाजवायला लागली, ज्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं ती सुद्धा. कुणीतरी तिच्या कोपराला धरून तिला उभंही केलं.

ती उभी राहिली. तिच्या आयुष्यात तिच्यासाठी टाळ्या कधी वाजल्या नव्हत्या, अगदी कारखान्यातल्या निरोपालाही नाही. आणि वाजल्या त्या ह्या! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिने मान वर केली तेव्हा समोर मॅडम दिसल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. संशोधक मुलगी तोंडावर हात धरून रडत होती.

मोठ्या अधिकाऱ्याने चष्मा काढला. टाळ्या विरल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आपल्याला वर्षभरात काहीच कळलेलं नाही. डबा उपयोगाचा आहे हेही नाही आणि नाही हेही नाही." मग फाइल मिटून उठला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. खोली पुस्तकांनी गच्च भरलेली, बसायच्या खुर्चीवरही पुस्तकं. मॅडमनी ती स्वतः उचलून खाली ठेवली.

"किती जणांना?" त्यांनी विचारलं.

तिने सगळी नावं सांगितली. स्वयंपाक्याला खोटं सांगून डबे जास्त भरून घेतले तेही सांगितलं.

"आणि दुसरे ड्रायव्हर?"

"त्यांचं त्यांना विचारा, मॅडम. मी माझ्यापुरतं सांगते."

"मला एकदा विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो," मॅडम म्हणाल्या, "नाहीच म्हणाले असते. आणि आज ह्या शहरात डबा सुरू झाला असता. निदान मला तसं वाटतं. आता तेही ठामपणे सांगायची सोय राहिली नाही."

गाडीवालीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "मॅडम, मला फक्त एक माणूस दिसत होता. समोरचा."

"मला ठाऊक आहे." मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. तिच्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "खरं सांगू? वाट पाहणाऱ्यांची वजनं उतरत नाहीत हे तिसऱ्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हाच खणून काढायला हवं होतं. पण मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपल्या चिठ्ठीमुळे कुणाचं वाईट तर होत नाहीये. म्हणून मी खोलात शिरले नाही. खात्याला लिहिताना हेही लिहिणार आहे मी."

ह्या बाईलाही रात्री झोप लागत नसणार, हे गाडीवालीला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. वर्षभर ती मॅडमना दगडाच्या काळजाची समजत आली होती. त्याचीही तिला लाज वाटली.

काम संपलं. काढून टाकलं असं कुणी म्हटलं नाही, पण पैसा थांबल्यावर गाड्याच थांबल्या. डबे बंद झाले, सगळ्यांचेच.

वर्तमानपत्राने मात्र वेगळीच गंमत केली. सभेला त्यांचा कुणीतरी हजर होता. त्याने छापलं, 'नियमांच्या भिंती ओलांडणारी माय'. बाजूला तिचा फोटो, टाळ्यांच्या मध्यभागी खाली मान घातलेला. लोकांना तो विनय वाटला. शेजारणी पेढे मागायला आल्या. किराणावाल्याने तिला रांगेतून पुढे घेतलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिव्या दिल्या असत्या तर उलट उत्तर तरी देता आलं असतं. कौतुकाला काय उत्तर द्यायचं?

नवऱ्याने ते कात्रण चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. चौकट त्याने स्वतः रंगवली होती.

"अहो, काढा ते."

"का म्हणून? माझी बायको पेपरात आली, आणि काढा म्हणतेस?"

"काढा म्हणते ना!"

तिचा आवाज इतका वर गेला, की आतून मुलगी धावत आली. मग तिने दोघांना बसवून सगळं सांगितलं. रेषांचं सांगितलं, जास्तीच्या डब्यांचं सांगितलं आणि सांगता सांगता वडिलांच्या शेगडीचंही सांगून गेली. नवरा ऐकत राहिला, मग उठला आणि चौकट काढून कपाटामागे ठेवली. "आधी का नाही बोललीस?" एवढंच म्हणाला.

"आई," मुलगी हळूच म्हणाली, "तू चांगलंच केलंस ना पण?"

"त्या चार माणसांचं चांगलं केलं," ती म्हणाली. "आणि बाकीच्यांचं वाटोळं."

बाकीचे म्हणजे कोण, हे तिला लवकरच भेटलं. पोस्टाच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर एक आजी राहत. त्या डब्याच्या गटातल्या, हक्काचा डबा मिळणाऱ्या. पूर्वी नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायच्या. त्यांची दृष्टी अधू झाली होती, डबा आल्यापासून त्यांनी शेगडीला हात लावायचा सोडला होता. त्यांचा एक रिकामा डबा अजून परत यायचा होता. तो आणायला म्हणून गाडीवाली गेली. खरं तर तिला त्यांना बघायचं होतं.

आजींनी आवाज ओळखला. दार पुरतं उघडलं नाही.

"ये म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "काल शेगडी पेटवताना हात भाजला. बघ."

मनगटावर लाल फोड होता.

"आजी, मी रोज काहीतरी करून आणते तुमच्यासाठी..."

"तू आणशील गं. आज आणशील, उद्या आणशील, मग तुझी पाठ धरेल, नाहीतर लेकीचं बाळंतपण निघेल. मला तुझी दया नको होती. मला सरकारचा डबा हवा होता. तो घेताना कुणापुढे वाकावं लागत नव्हतं. तू चार लोकांची लाडकी झालीस आणि त्यापायी माझा डबा गेला."

आजी एवढंच बोलल्या. त्यांनी रिकामा डबा फटीतून बाहेर दिला. तो घासून पुसून चकचकीत केलेला होता. गाडीवाली जिने उतरली आणि खालच्या पायरीवर बसून राहिली. येणारे जाणारे वळसा घालून जात होते. तिथे तिला रडू आलं नाही. रडण्यानेही आपली सुटका होऊ नये, असं काहीसं तिला वाटत होतं.

तरी ती दोन्ही घरी जेवण नेऊ लागली, आजींकडेही आणि कुलूपवाल्या आजोबांकडेही, आता आपल्या घरच्या भांड्यातून, उघडपणे. आजी काही न बोलता घ्यायच्या. आजोबांना मात्र काहीतरी टोचत होतं. एक दिवस त्यांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "बाई, त्या दिवशी मी उठून बोललो, ते चुकलं का हो माझं? लोक म्हणतात, माझ्या बोलण्याने डबा बंद पडला."

"नाही आजोबा. तुम्ही खरं तेच बोललात."

"पण तुम्ही सांगू नका म्हणाला होतात. मला वाटलं, तुम्ही लाजून म्हणत असाल." त्यांचा चेहरा पडला होता. फिरकी घेणारा माणूस, पण त्या दिवसापासून खिडकीत कमी दिसायला लागला. हेही आपल्याच खाती जमा, असं तिला वाटलं. तिने त्यांना सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला, गट, रेषा, फरक. त्यांना ते कळलं की नाही देव जाणे. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तुमची चूक एवढीच, की मी मेलो नाही?" ह्यावर हसावं की रडावं ते तिला कळेना, आणि मग दोघंही हसली.

हिवाळा गेला. आरोग्य खात्याने मॅडमचं म्हणणं पुन्हा ऐकलं. मॅडमनी आपल्या चुका लपवल्या नव्हत्या, ह्याचा म्हणे त्या थकलेल्या अधिकाऱ्यावर परिणाम झाला. पैसा पुन्हा मंजूर झाला, पण आधीपेक्षा कमी आणि आधी शेजारच्या गावासाठी. ह्या शहराची पाळी त्यानंतर. ह्या खेपेला कुणाला वर्षभर ताटकळत ठेवायचं नव्हतं. एकामागून एक वस्तीत डबा सुरू होणार होता आणि आधीच्या-नंतरच्या वजनांची तुलना होणार होती. उरलेले डबे निवारागृहात जाणार होते, वजनकाट्याच्या यादीत नसलेल्या माणसांकडे.

मॅडमचा फोन आला. "नव्या ड्रायव्हरांशी बोलाल का? माझ्या तोंडून ते त्यांच्या कानात जाईल, पण..."

"हाताला पटणार नाही," ती म्हणाली. जायची तिची मुळीच इच्छा नव्हती. तरी गेली.

सहा-सात जणं होती, बहुतेक तरुण. तिने उभं राहून सांगितलं. फुगवून सांगितलं नाही आणि रडूनही नाही. डबे जास्त भरून घेतल्याचं सांगताना तिची जीभ अडखळली, पण तेही सांगितलं. पोस्टाच्या रस्त्यावरच्या आजींचा हात कसा भाजला तेही सांगितलं. ऐकून एक धट्टाकट्टा ड्रायव्हर म्हणाला, "काही म्हणा ताई, मी असतो तर मीही तेच केलं असतं."

"केलंच असतंस," ती म्हणाली. "म्हणून तर मला बोलावलंय."

कुणी हसलं नाही. नंतर सगळे गाड्या बघायला बाहेर गेले. मॅडमनी दोन कप चहा मागवला.

"गाडी चालवायला याल का परत? तुमच्यासारखं दार वाजवणारं माणूस मिळत नाही."

तिने कप खाली ठेवला. "नको, मॅडम. उघड्या दारापुढे मला माझा भरवसा नाही. स्वयंपाकघरात जागा असेल तर द्या."

तेव्हापासून ती डबे भरते. सकाळी शेजारच्या गावच्या गाड्या निघण्याआधी सगळी झाकणं तीच लावते. कधी एखादा ड्रायव्हर सहज म्हणतो, "ताई, दोन जास्त भरा, लागतात कधी कधी." ती त्याच्याकडे बघते. तिच्या मानेपर्यंत लाली चढते, अजूनही चढते. मग ती सांगितले तेवढेच भरते आणि पुढचं झाकण उचलते.